परवाना यंत्राबरोबर गेला पाहिजे

भोसरी-चाकणपासून सातपूर-वाळूजपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींतून आलेल्या माझ्या उद्योजक मित्रांनो,

प्रथेप्रमाणे अध्यक्ष या नात्याने मी वर्षाचा आढावा घ्यायला हवा. पण कोबॉट, व्हिजन सिस्टीम, एआय यांवर सकाळी तज्ज्ञ बोलले आहेत. मला बोलायचंय ते जुन्या रोबोटबद्दल. आपल्यातल्या पुष्कळांच्या शेडमध्ये येणारा पहिला रोबोट नवा नसतो. एखाद्या मोठ्या कारखान्यातली लाइन उठली की तो लिलावातून येतो, नाहीतर चार्टर्ड इंजिनिअरच्या दाखल्यावर न्हावा शेवाला उतरतो. त्याच्या बाबतीत जे चाललं आहे ते मला कित्येक वर्षं खुपतं आहे.

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने माझ्यामार्फत सहा अक्षांचा वेल्डिंग रोबोट घेतला. यंत्र ठणठणीत होतं. आम्ही गिअरबॉक्सचं ग्रीस बदललं, एन्कोडरच्या बॅटऱ्या नव्या घातल्या, सांध्यासांध्यावरच्या शून्याच्या खुणा जुळवून मास्टरिंग केलं आणि रोबोट कामाला लागला. पावसाळ्यात कंट्रोलरचं मुख्य कार्ड गेलं. कार्ड बाजारात मिळालं, पण त्यात सॉफ्टवेअर भरायला रोबोट बनवणाऱ्या कंपनीचा कोड लागतो. कंपनीने नेमप्लेटवरचा अनुक्रमांक मागवून घेतला आणि कळवलं, की परवाना पहिल्या मालकाच्या नावावर आहे, तुम्ही नवा घ्या, मग आमचा इंजिनिअर येईल. कोटेशनचा आकडा रोबोटच्या किमतीपेक्षा मोठा होता. त्यात आर्क वेल्डिंगचं पॅकेज वेगळं लावलं होतं. तेच पॅकेज त्याच कंट्रोलरसाठी पहिल्या मालकाने आधीच पैसे मोजून घेतलेलं होतं! शेवटी भंगारवाल्याने तो हात सोडवला आणि माझ्यादेखत वजनकाट्यावर ठेवला. ज्याचे सहाही अक्ष नीट फिरत होते ते यंत्र किलोच्या भावाने गेलं.

सकाळच्या चर्चेत एक तरुण मित्र म्हणाले, कंपनी देत नसेल तर दुसऱ्या मशीनच्या सॉफ्टवेअरची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, टाकून मोकळं व्हायचं. मी याच्या ठाम विरोधात आहे. एका शेडमध्ये अशी उसनी इमेज टाकलेला रोबोट मी पाहिला आहे. अक्षांच्या मर्यादा दुसऱ्याच मॉडेलच्या होत्या. हात वळला तो थेट कुंपणाच्या जाळीत. ऑपरेटर त्या वेळी बटणापाशी होता, जाळीपाशी नव्हता, म्हणून वाचला. दुसऱ्या बाजूचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, सॉफ्टवेअर ही कंपनीची बौद्धिक संपदा आहे, ती म्हणेल ते पैसे द्यावेत. त्यांना मी तो वजनकाटा आठवायला सांगेन. कंपनीच्या इंजिनिअरचा वेळ, प्रवास, नव्या आवृत्तीचं काम, या सगळ्याचे पैसे आपण देतो आणि देत राहू. माझा वाद एकदा विकलेली गोष्ट पुन्हा विकण्याशी आहे. जमीन विकली, पण विहिरीतलं पाणी माझंच, असं म्हणणाऱ्याला गावात कोणी दारात उभं करणार नाही.

कायदाही आपल्याला अगदीच परका नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअरला विक्रीकरासाठी 'वस्तू' मानलं. कर भरताना जी वस्तू असते, ती पुनर्विक्रीच्या वेळी नुसता परवाना कशी होते? युरोपीय न्यायालयाने जुलै 2012 मध्ये यूज्डसॉफ्ट-ओरॅकल प्रकरणात सांगितलं, की कायमचा परवाना विकल्यावर तो पुढे विकायला कंपनी हरकत घेऊ शकत नाही. मात्र पहिल्या मालकाने आपली प्रत वापरातून काढायला हवी. अमेरिकेत 2010 च्या ऑटोडेस्क खटल्यात अपील न्यायालयाने उलट कौल दिला, हेही सांगतो. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला, तो बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि निदानाची साधनं न दिल्याबद्दल. पुढे अपिलं झाली, पण गॅरेजवाल्यांचं म्हणणं निदान आयोगाच्या दप्तरी लागलं. आपलं कुठे लागलं आहे? ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं निवडली गेली. कारखान्यातली यंत्रं त्या यादीत नाहीत. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याची अडचण सरकारला कळली, याचा मला आनंदच आहे. पण लेथवर आयुष्य काढून पहिला रोबोट घेणाऱ्या कारखानदाराची अडचण तीच आहे.

आपल्या संघटनेने यावर एक समिती करावी, सभासदांची कोटेशनं एकत्र करावीत आणि दिल्लीला निवेदन द्यावं. तपशील कार्यकारिणी ठरवेल.

एक काम मात्र समितीवाचून होण्यासारखं आहे. मोठ्या कारखान्यांच्या खरेदी विभागातले अधिकारी या सभागृहात बसले आहेत. नवा रोबोट घेताना कंपनीपुढे तुमचा शब्द चालतो, आमचा चालत नाही. पुढच्या खरेदी आदेशात एवढं एक वाक्य घाला, की 'सॉफ्टवेअरचा परवाना व सर्व पर्यायी पॅकेजेस यंत्राबरोबर पुढील मालकाकडे विनामूल्य हस्तांतरित होतील.' आणि जुना रोबोट घेणाऱ्या माझ्या मित्रांनो, विक्रेत्याकडून हे हस्तांतराचं पत्र आणि कंट्रोलरचा पूर्ण बॅकअप हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.