अपराजिता क्रिसी वेलिंग्टन

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन गोष्टी आपल्या मुलामुलींना काही नवीन नाहीत. नदीकाठच्या गावातील मुले पाण्यात खेळतच मोठी होतात, आणि सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुली कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसतात. परंतु या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकीमागून एक, मध्ये विसावा न घेता करावयाच्या म्हटल्या की त्या खेळाला ट्रायथ्लॉन म्हणतात. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली अर्ध्या अंतराची अशी शर्यत झाली, तेव्हा आपल्याकडील पुष्कळांना या खेळाचा प्रथम परिचय घडला.

पूर्ण अंतराच्या शर्यतीला आयर्नमन, म्हणजे पोलादी पुरुष, असे नाव आहे. तीत प्रथम ३.८ किलोमीटर पोहावयाचे, नंतर १८० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटरांची संपूर्ण मॅरेथॉन धावावयाची असते. ही शर्यत १९७८ साली हवाई बेटांतील ओआहू येथे सुरू झाली. नाव पुरुषाचे असले तरी पुढल्याच वर्षी लिन लेमेअर या स्त्रीने ती पार पाडली आणि सर्व स्पर्धकांत पाचवा क्रमांक मिळविला. १९८१ पासून ही शर्यत हवाईच्या मोठ्या बेटावर, कोना येथे, भरू लागली. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस काळ्या लाव्हाचे ओसाड पठार, वर तापलेले ऊन आणि समोरून झोंबणारा वारा, अशी तेथील वाट आहे. याच वाटेवर इंग्लंडच्या क्रिसी वेलिंग्टन हिने आपले नाव कोरले.

क्रिसीचा जन्म १९७७ सालचा. तिचे बालपण नॉरफोक परगण्यातील फेल्टवेल या लहानशा गावी गेले. ती अभ्यासात हुशार होती. बर्मिंगहॅम विद्यापीठात तिने भूगोल विषयात प्रथम वर्ग मिळविला, मँचेस्टर येथे विकासशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि ब्रिटिश सरकारच्या पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार खात्यात ती नोकरीस लागली. पोहण्याची आवड होती, तरी खेळावर पोट भरावे असा विचार तिच्या मनात नव्हता. उलट तारुण्यात अन्नाशी वैर धरून आपण आपल्याच देहाचे किती हाल केले, हे तिने पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. प्रत्येक गोष्ट आपल्या मुठीत असावी हा तिचा हट्ट होता, आणि त्या हट्टाचा पहिला बळी तिचे स्वतःचे शरीर ठरले.

२००४ साली ती खात्यातून रजा घेऊन नेपाळला गेली. खेड्यापाड्यांत पिण्याचे शुद्ध पाणी आणि शौचालये यांची सोय व्हावी, यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ती राहिली. काठमांडूच्या आसमंतातील डोंगरवाटांवर सोबत्यांबरोबर सायकल चालविणे हा तेथे तिचा विरंगुळा झाला. ल्हासाहून काठमांडूपर्यंतचा प्रवासही तिने सायकलवरूनच केला. विरळ हवेत, चढणीवर आणि थंडीत तिच्या अंगची ताकद तिला नव्याने कळली. जो देह तिने पूर्वी छळला होता, त्याच्याशी येथे तिचा समेट झाला असे म्हणावयास हरकत नाही.

इंग्लंडात परतल्यावर, २००६ साली, लोझान येथील जागतिक स्पर्धेत हौशी स्पर्धकांच्या आपल्या वयोगटात ती पहिली आली. आता प्रश्न उभा राहिला. वय तिशीला टेकलेले, सरकारी नोकरी कायमची, आणि पुढे कसलीही शाश्वती नसलेला व्यवसाय. २००७ च्या आरंभी तिने नोकरी सोडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातील आयर्नमन शर्यत तिने जिंकली आणि ऑक्टोबरात ती कोना येथे उतरली. तेथे तिला फारसे कोणी ओळखतही नव्हते. ९ तास ८ मिनिटे ४५ सेकंदांनी ती सर्व स्त्रियांच्या आधी अंतिम रेषेवर पोहोचली.

पुढील वर्षी त्याच शर्यतीत तिच्या सायकलचे चाक पंक्चर झाले. चाकात हवा भरण्याची जवळची नळकांडी वाया गेली आणि ती रस्त्याच्या कडेला हताश उभी राहिली. तेव्हा रिबेका कीट या ऑस्ट्रेलियन प्रतिस्पर्धिनीने जाता जाता आपल्याजवळचे एक नळकांडे तिला दिले. क्रिसी जिंकली, परंतु त्या विजयात दुसरीच्या उदारपणाचाही वाटा होता. २००९ साली ८ तास ५४ मिनिटे २ सेकंद एवढ्या वेळात शर्यत पुरी करून तिने पॉला न्यूबी-फ्रेझर हिचा १९९२ सालचा विक्रम मोडला.

२०१० साली शर्यतीच्या दिवशी सकाळी तिने आजारपणामुळे माघार घेतली. तीन वर्षांची विजेती, आणि सुरुवातीच्या रेषेवरही नाही! तिच्यावर टीका झाली. परंतु शरीराची हाक ऐकावयास ती आता शिकली होती. सहाच आठवड्यांनी तिने अॅरिझोना येथील शर्यत जिंकली. २०११ साली कोनापूर्वी दोन आठवडे ती सायकलवरून पडून चांगलीच जखमी झाली. तरीही मिरिंडा कार्फ्रे हिला तीन मिनिटांहूनही कमी अंतराने मागे टाकून तिने चौथ्यांदा जगज्जेतेपद पटकाविले. त्याच वर्षी जर्मनीतील रोथ येथे तिने ८ तास १८ मिनिटे १३ सेकंदांचा उच्चांक केला होता. तो २०२३ साली डॅनिएला रिफ हिने मोडीपर्यंत बारा वर्षे टिकला. पूर्ण अंतराच्या एकंदर तेरा शर्यतींत ती उतरली आणि तेराही तिने जिंकल्या.

डिसेंबर २०१२ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ती निवृत्त झाली. अवघ्या पाच वर्षांची ही कारकीर्द. तिची थोरवी केवळ या आकड्यांनी मोजली तर ती अपुरी ठरेल. कोना येथे त्या काळी सकाळी सातला सुटलेल्या स्पर्धकांना मध्यरात्रीपर्यंत मुदत असे. दुपारीच जिंकून मोकळी झालेली क्रिसी रात्री पुन्हा अंतिम रेषेवर येई आणि लंगडत, रडत, हसत येणाऱ्या शेवटल्या माणसांचे स्वागत करी.

निवृत्तीनंतरही तिचा ओढा तिकडेच राहिला. फ्रान्समधील प्रसिद्ध सायकल शर्यतीत स्त्रियांना स्थान मिळावे म्हणून २०१३ साली तिने इतर तिघींसह चळवळ उभारली. २०१४ मध्ये तेथे स्त्रियांची एक दिवसाची शर्यत झाली आणि २०२२ पासून अनेक दिवसांची स्वतंत्र शर्यत सुरू झाली. पुढे तिने पार्करन या संस्थेत आरोग्यविषयक काम हाती घेतले. दर शनिवारी पाच किलोमीटर अंतर कोणीही फुकट धावावे किंवा चालावे, असा त्या संस्थेचा साधा उपक्रम आहे. तेथे वयाची अट नाही आणि हरण्याची भीतीही नाही.

आपल्याकडे मुलगी मोठी झाली की मैदान सुटते, आणि एकदा सुटलेले मैदान पुन्हा मिळत नाही असे घरोघरी मानले जाते. क्रिसी वेलिंग्टन मैदानावर आली ती तिसाव्या वर्षी. प्रत्येक मुलीला आयर्नमन गाठता येणार नाही, तशी गरजही नाही. परंतु सायकल, तळे आणि मोकळी वाट यांवर तिचाही हक्क आहे, एवढे जरी घरच्या वडीलधाऱ्यांनी मान्य केले तरी पुष्कळ झाले.