अंकांवरून रंग



मराठी मुलखातील कोणत्याही जुन्या ग्रंथालयाची नियमावली काढून पाहावी. तीत एक कलम हमखास आढळते. पुस्तकावर लिहू नये, खुणा करू नयेत, पाने दुमडू नयेत. ग्रंथपालांच्या कित्येक पिढ्यांनी डोळ्यांत तेल घालून हे कलम सांभाळले. वर्तमानपत्रातले शब्दकोडे पेनाने सोडवून ठेवणारा वाचक हा तर वाचनकक्षाचा जुना अपराधी! आणि आता अशी पुस्तके निघाली आहेत, की खुणा केल्याखेरीज ती वाचताच येत नाहीत. अंकांवरून रंगवावयाच्या चित्रकोड्यांची ही पुस्तके मुलांसाठी नाहीत, प्रौढांसाठी आहेत. पानभर लहानमोठी शेकडो घरे, प्रत्येक घरात एक अंक, आणि कोणत्या अंकाला कोणता रंग हे सांगणारी किल्ली. बाह्यरेषेवरून काही बोध होत नाही. घरे भरत जावी तसतसा जाळ्यातून एखादा मोर, एखादे घर, एखादा चेहरा वर येतो. अशा पुस्तकाला ग्रंथालयाच्या कपाटात जागा असावी काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटेल. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. सांगितलेला रंग सांगितलेल्या जागी भरणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळते?

या प्रकाराचा आधुनिक इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात पामर पेंट कंपनी नावाचा रंगांचा कारखाना होता. मॅक्स क्लाइन हे त्याचे मालक. डॅन रॉबिन्स या त्यांच्या पदरच्या चित्रकाराने अंकांवरून रंगविण्याच्या चित्रांची कल्पना मांडली. लिओनार्दो दा व्हिंची आपल्या शिष्यांना कामे वाटून देताना अंक वापरीत असे त्याने कोठेसे ऐकले होते, आणि तेथून ही कल्पना सुचली असे तो सांगे. त्याने काढलेले पहिले चित्र अमूर्त शैलीचे होते. ते मालकांना रुचले नाही. लोकांना डोंगर, नद्या, घोडे हवेत, हे व्यापाऱ्याच्या नजरेने अचूक हेरले. १९५१ मध्ये हे संच बाजारात आले. प्रत्येक माणूस रेम्ब्रांट होऊ शकतो, अशा आशयाचे बोधवाक्य डब्यावर छापलेले असे. १९५४ पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख संच खपले होते. समीक्षकांनी अर्थातच नाके मुरडली. यंत्रयुगाने माणसाला कारखान्यात हुकमाचा ताबेदार केले, आता घरच्या फुरसतीतही तेच, असा त्यांचा आक्षेप होता. १९६२ मध्ये अँडी वॉरहॉल याने अशाच अर्धवट भरलेल्या अंकचित्रांची मोठी चित्रे करून या वादाला निराळीच कलाटणी दिली; आणि २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या इतिहास संग्रहालयाने या चित्रांचे रीतसर प्रदर्शन भरविले. हेटाळणीपासून संग्रहालयापर्यंतचा हा प्रवास पन्नास वर्षांचा.

पुढे २०१३ मध्ये जोहाना बॅसफर्ड या स्कॉटिश चित्रकर्तीचे ‘सिक्रेट गार्डन’ निघाले आणि प्रौढांनी रंगपेन्सिली हाती घेण्याची लाट जगभर पसरली. त्या पुस्तकात अंक नव्हते. मात्र त्याच्या पाठोपाठ अंकांच्या पुस्तकांनाही नवा बहर आला. मनाला विश्रांती मिळते, असे या पुस्तकांविषयी सर्रास सांगितले जाते. जाहिरातीतील अतिशयोक्ती वजा केली तरी काही तथ्य उरते. २००५ मध्ये करी आणि कॅसर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी ८४ विद्यार्थ्यांवर एक लहानसा प्रयोग केला. काहींना मंडलाकृती, काहींना चौकटीची नक्षी, तर काहींना कोरा कागद रंगवावयास दिला. आखलेली आकृती भरणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनास येईल ते रंगविणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली. प्रयोग लहान, आणि आकृतींवर अंकही नव्हते. त्यावर मोठे सिद्धान्त उभारू नयेत. तथापि कोऱ्या कागदाचे भय हे कवितेची वही उघडून बसलेल्या कोणासही ठाऊक असते.

वस्तुतः चित्र आखणारा एक आणि रंग भरणारा दुसरा, ही व्यवस्था भारताला मुळीच नवी नाही. अकबराच्या चित्रशाळेत ‘तरह’ म्हणजे आखणी एकाची, ‘अमल’ म्हणजे रंगकाम दुसऱ्याचे, आणि कधी ‘चेहरा’ तिसऱ्याचा, अशी वाटणी होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘अकबरनाम्या’च्या चित्रांखाली समासात ही नावे नोंदविलेली आहेत. पहाडी शैलीच्या कित्येक कच्च्या रेखाटनांवर त्या त्या जागी रंगांची नावे संक्षेपाने टिपलेली आढळतात. रंग भरला की ती अक्षरे बुजून जात. काश्मीरच्या शालींची आणि गालिच्यांची रीत याहूनही विलक्षण आहे. नक्काश नक्षी काढतो. तरह-गुरू रंग ठरवून धाग्यांची गणती सांगतो. तालीम-गुरू ती चिन्हांत उतरवितो. विणकराच्या हाती पडते ते चित्र नव्हे, चिन्हांची पट्टी. इतके धागे या रंगाचे, इतके त्या रंगाचे, असे वाचीत तो विणीत जातो. चित्रकोडे याहून निराळे ते काय!

महाराष्ट्राच्या अधिक जवळचे उदाहरण राजा रविवर्मा यांच्या शिळाछापखान्याचे. १८९४ मध्ये तो मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. रंगीत शिळाछपाईत आधी चित्राची बाह्यरेषा काढून रंगांचे प्रदेश पाडावे लागतात. मग प्रत्येक रंगछटेसाठी एकेक शिळा, आणि एकाच कागदावर त्या सर्वांचे एकामागून एक ठसे. शिळेवर बसलेल्या कारागिराला लक्ष्मी दिसत नसे. पिवळ्याची शिळा असेल तर केवळ पिवळे डाग दिसत. रॉबिन्सने मूळ चित्रावर पारदर्शक पत्रा ठेवून छटांचे प्रदेश आखले, ती हीच क्रिया. फरक इतकाच की छापखान्याचे काम त्याने घरोघरच्या मेजावर नेऊन ठेवले. आणि घरोघरचे हात त्या वेळीही स्वस्थ नव्हते. रविवर्म्यांच्या छापील तसबिरींवर जर, टिकल्या, मणी, कधी साडीचा तुकडा चिकटवून त्या सजविण्याची हौस अनेक घरांत होती. अशा तसबिरी आज संग्राहक जपून ठेवतात.

आता थोडे पूर्वेकडे जाऊ. आदिलाबाद जिल्हा मराठी वाचकाला परका नाही. राजुरा आणि किनवट हे भाग १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. त्या जुन्या जिल्ह्यातील बेल्लमपल्ली हे काझीपेठ–बल्लारशा लोहमार्गावरचे, सिंगरेणीच्या कोळसाखाणींमुळे वाढलेले गाव. २०१६ पासून ते मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. खाणीच्या पाळ्यांवर ज्याचे दिवस मोजले गेले अशा या गावातही संक्रांतीच्या सुमारास घरांपुढची जमीन सारवून स्वच्छ होते आणि तीवर ‘मुग्गू’ उमटतात. तेलुगूत ठिपक्याला ‘चुक्क’ आणि ओळीला ‘वरुस’ म्हणतात. मराठी घरातील ठिपक्यांची रांगोळी ती हीच. ठिपके एकाखाली एक सरळ मांडावेत की वरच्या दोहोंच्या फटीत खालचा एक यावा, हे दोन्ही प्रकार तेथेही आहेत आणि येथेही.

रांगोळीच्या पुस्तिका ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना आकृतीखालचा मजकूर आठवेल. ‘१५ ठिपके, १५ ओळी’, किंवा नुसतेच ‘१५ ते ८’. या दुसऱ्या संकेताचा अर्थ जाणत्या हाताला लगेच कळतो. मधल्या ओळीत १५, मग वर आणि खाली १४, १३ असे एकेक उणे करीत ८ वर थांबावयाचे. १५ ओळी होतात आणि ठिपके भरतात १६९. अक्षरे तेलुगू असोत की मराठी, आकड्यांची ही भाषा एकच. बेल्लमपल्लीतील मराठी घरची सून शेजारणीची तेलुगू पुस्तिका मागून आणील आणि एकही शब्द न वाचता तिच्यातली रांगोळी बिनचूक काढील. सीमाभागातील भाषांच्या भांडणांविषयी पुष्कळ लिहिले गेले. या मूक देवघेवीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. रांगोळीत अंक सांगाडा बांधतो आणि बाजूला होतो. रेषेने ठिपके जोडले गेले की गणित संपले. कमळात गुलाबी भरावा की जांभळा, हे काढणारीच्या मर्जीवर. अंकचित्राच्या पुस्तकात याच्या नेमके उलटे. तेथे सांगाडा आयता आणि अंकाची सत्ता रंगावर. मग रंगविणाऱ्याच्या हाती उरले काय? टीकाकारांचे उत्तर, काहीच नाही. हे उत्तर घाईचे आहे. अंकांवरून रंगविणे ही चित्रकला नव्हे, हे मान्य करावे. पण ते चित्रवाचन आहे, आणि फार सावकाश, हाताने केलेले वाचन आहे.

सामान्य माणूस रंग पाहत नाही, रंगाचे नाव पाहतो. पान हिरवे, आकाश निळे, सदरा पांढरा. किल्ली त्याला पानाच्या सावलीत जांभळा भरावयास सांगते, पांढऱ्या सदऱ्याच्या चुणीत फिकट निळा, गालाच्या कडेला चक्क हिरवट करडा. तो बिचकतो, छापण्यात चूक झाली असे मानतो, तरी आज्ञा म्हणून भरतो; आणि पुस्तक हातभर लांब धरताच सदरा पांढराच दिसतो. एका चेहऱ्यात सात छटा असतात ही गोष्ट व्याख्यान ऐकून पटत नाही, ती सात पेन्सिली घासून पटते. पुढे असा माणूस संग्रहालयात गेला तर चित्रापुढे दोन पळे अधिक थांबेल. मॅटीच्या कापडावर खुणांच्या तक्त्यावरून पोपट नि हंस भरणाऱ्या बायकांना हे शहाणपण केव्हाच आले होते. हंसाच्या मानेत राखाडी दोरा घातल्याशिवाय मान वळत नाही, हे त्यांना कोणी सौंदर्यशास्त्रातून शिकविले नव्हते.

आणि एक गोष्ट, जी बोलताना थोडा संकोच वाटावा. शाळेत चित्रकलेच्या तासाला ज्यांना ‘तुझा हात चांगला नाही’ असे ऐकावे लागले, अशांची संख्या समाजात फार मोठी आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांची वाट काहींनी धरली. उरलेल्यांचा ब्रश वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी जो सुटला तो कायमचा. या लोकांना साठीत कोणी कोरा कागद दिला तर ते हात मागे घेतात. अंकांचे पान मात्र त्यांना परीक्षेला बसवीत नाही. अक्षर लहान दिसू लागल्याने कादंबरी सुटलेला सभासद जाड रेषांची घरे भरू शकतो. ज्याला लाल-हिरव्यातला भेद दिसत नाही, तोही पेन्सिलीवरचा अंक वाचून बरोबर रंग उचलतो. रंगांच्या जगात त्याला एरवी दुसऱ्याला विचारीत जावे लागते. पुरुषांत हा दोष स्त्रियांपेक्षा बराच अधिक आढळतो, हे लक्षात घेतले तर ही सोय क्षुल्लक नाही. तथापि या पुस्तकांना औषध म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहणेच बरे.

बाजारातील पुष्कळ पुस्तके सुमारही असतात. घरे विनाकारण बारीक, किल्लीतल्या दोन छटा एकमेकींपासून ओळखू येऊ नयेत अशा, कागद इतका पातळ की शाई पाठपोट उतरते. निवड करताना कागद आधी पाहावा, चित्र मागाहून.

ग्रंथालयापुढची अडचण याहून मूलभूत आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले ग्रंथांच्या उपयोगाविषयी आहे आणि दुसरे प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळण्याविषयी. अंकचित्रांचे पुस्तक पहिल्या वाचकाच्या उपयोगानेच संपते; मग दुसऱ्याचा हक्क राहिला कोठे? एका वाचकासाठी पुस्तक विकत घेणे हे वर्गणीदारांच्या पैशाशी इमानाचे होणार नाही. आणि पानांच्या छायाप्रती काढून वाटणे प्रकाशकाच्या हक्काशी इमानाचे होणार नाही. वाट आहे ती स्वतः पाने तयार करण्याची. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. त्यांच्या चित्रांवर आता कोणाचा मालकी हक्क उरलेला नाही. एखादी जुनी तसबीर घ्यावी, गावातल्या चित्रकला शिक्षकांकडून छटांचे प्रदेश आखून घ्यावेत, अंक घालावेत, आणि पाने वाचनकक्षात सुटी ठेवावीत. आदिलाबादच्याच मुलखातील निर्मळची खेळणी यासाठी फार नामी आहेत. पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची, चिंचोक्याच्या खळीचा लेप देऊन मग रंगविलेली फळे, पाखरे, माणसे; त्यांचे रंग ठळक आणि वेगळे, नवशिक्याच्या डोळ्याला सोपे. ती करणारे कारागीरही नक्काशच म्हणविले जातात; काश्मीरच्या तक्त्याशी त्यांचे नावाचे तरी नाते आहे.

खर्च काय तो एका मेजाचा, चार रंगपेन्सिलींच्या डब्यांचा आणि एका टोकयंत्राचा. भरलेली पाने वर्षाअखेर बांधून दाखल नोंदवहीत चढवावीत. एकच चित्र वीस हातांनी भरलेले शेजारी शेजारी ठेवले तर वीस चित्रे दिसतात. कोणी दाबून घासलेले असते, कोणी हलके, कोणाची सात क्रमांकाची पेन्सिल मध्येच संपली म्हणून त्याने आठाची वापरलेली असते. अशा पानावर ग्रंथपालांनी चुकीची खूण करू नये. तारीख घालावी आणि ‘सातऐवजी आठ’ एवढी नोंद करून पान बांधणीस द्यावे.