विषय आपल्या भागातला नाही



स्वागताध्यक्षांनी कानात सांगितलंय, वीस मिनिटं. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद एकदाच मिळतं. घड्याळ त्यांनी सांभाळावं, मी सांभाळणार नाही.

मागच्या जूनमध्ये नातीनं पुण्याहून सूपचं एक पाकीट आणलं. आत वाळक्या डाळींचे सहा रंगांचे सहा थर, वर छापलेलं: समलिंगी हक्कांच्या चळवळीला मानवंदना. पाण्यात उकळा, मीठ घाला, झाली मानवंदना. मी ते ताटात ओतून निवडलं. तांबडी मसूर, पिवळी मुगाची, हिरवा वाटाणा, इथवर ठीक. पण निळी डाळ कुठल्या रानात पिकते? आडतीवर जन्म घालवलेली माणसं समोर बसलीत, त्यांनी सांगावं. ती निघाली रंगवलेली शेवई! गिल्बर्ट बेकरनं १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत या चळवळीचा इंद्रधनुषी झेंडा केला तेव्हा त्यात रंग आठ होते. गुलाबी कापड पुरेना म्हणून तो गळला, पुढं आणखी एक गेला. तिकडं कापड मिळेना, इकडं डाळ.

पण पाकिटावर माझा राग नाही. राग आहे तो एका पत्रावर. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी संमतीनं एकत्र येणाऱ्या प्रौढांना ३७७ कलमातून मोकळं केलं. त्याच हिवाळ्यात मी इथल्या संमेलनातल्या परिसंवादासाठी विषय सुचवला, ‘मराठी साहित्यातला समलिंगी माणूस’. उत्तर आलं: विषय आपल्या भागातला नाही. आणि घेतला कोणता? ‘कडधान्ये आणि आरोग्य’! साहित्य संमेलनात! ते पत्र मी प्लास्टिकच्या पिशवीत जपलंय, आत्ता खिशात आहे. सही कुणाची ते सांगत नाही. ते पहिल्या रांगेत आहेत आणि पंखा त्यांच्याकडंच वळवलेला आहे. माझ्या बाजूनं बोललेल्या दोघांचीही नावं घेत नाही, त्यांना या गावात राहायचंय.

आपला भाग म्हणजे कुठवर हो? तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आली. अशोक राव कवींनी १९९० मध्ये समलिंगींसाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट उभा केला, ‘पार्टनर’ कादंबरी लिहिली, तीही मराठीत. हे आपल्या देगलूरचे नव्हेत, कबूल. कुसुमाग्रज तरी देगलूरचे होते का? दर २७ फेब्रुवारीला त्यांच्यावर दोन-दोन तास बोलता की!

माझ्या वर्गात एक मुलगा होता. लेंडी नदीत आम्ही मिळून पोहायचो. त्याची माय हुलगे भाजून जात्यावर दळायची आणि माडग्याचं पीठ डब्यात भरून ठेवायची. पाणी घाला, गूळ घाला, उकळा. पाकिटातलं सूप याहून वेगळं काय असतं? घरात लग्नाची बोलणी निघाली तसा तो हैदराबादला निघून गेला. मी कामानिमित्त तिकडं जायचो, तर माय पिठाची पुरचुंडी माझ्याकडं द्यायची. एसटीत मांडीवर ठेवून न्यायचो. तो का गेला हे मला ठाऊक होतं, तिलाही असावं. पण आम्ही बोलायचो ते पिठावर. औंदा हुलगे किडके निघाले, औंदा जरा जास्तच भाजले गेले. अशी अकरा वर्षं. पुढं माझे तीन कथासंग्रह आले, एकाला पारितोषिक मिळालं. त्यातल्या एकाही कथेत तो नाही. पहिल्या रांगेतल्यांनी हे ऐकून खूश व्हायला हरकत नाही. नकाराचं पत्र त्यांनी २०१८ साली लिहिलं, मी त्याच्या कितीतरी आधी.

तर अध्यक्ष या नात्यानं उद्याचा कार्यक्रम मी बदललाय. तो नाकारलेला परिसंवाद सकाळी दहाला, मुख्य मांडवात. जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या सत्रात ढकलायचा नाही. आचाऱ्याकडं हुलग्याचं पीठ काल रात्रीच पोचवलंय. ज्यांना विषय अजूनही आपल्या भागातला वाटत नाही, त्यांनी वाटीभर माडगं घेऊन मागच्या दारानं गेलं तरी चालेल. वाटी तेवढी परत आणून द्यावी, मंगल कार्यालयाची आहे.