वर्गणीदारांची वही कोणाकडे?



आपल्याकडची छोटी नियतकालिके वर्षानुवर्षे वर्गणीदारांच्या वहीवर चालली. अंक निघाला की वहीतल्या प्रत्येक पत्त्यावर टपालाने जायचा. आज आपण लेख समाजमाध्यमांवर टाकतो आणि तो कोणाला दिसावा हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो. वाचक आपले, वही मात्र कंपनीकडे. गैरसोयीचे प्रश्न विचारणाऱ्या नियतकालिकाला हे परवडणारे नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. १९९९मध्ये नेटस्केपने आरएसएस आणले. संकेतस्थळावर एक फाइल असते, तिला फीड म्हणतात. नव्या लेखाचे शीर्षक, तारीख, दुवा तिच्यात आपोआप नोंदला जातो. वाचकाचे फीड रीडर ती फाइल अधूनमधून तपासते आणि नवे लेख समोर आणते. वाचकाला संपादकाकडे नाव किंवा मोबाइल नंबर नोंदवावा लागत नाही.

१ जुलै २०१३ रोजी गुगल रीडर बंद झाले, तेव्हा आरएसएस संपले असे अनेकांना वाटले. पण ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली होती, त्यांना तीच यादी दुसऱ्या रीडरमध्ये वापरता आली. पॉडकास्ट तर आजही मुख्यतः आरएसएसवरच चालतात.

फीडमुळे नवे वाचक आपोआप मिळणार नाहीत. त्यासाठी समाजमाध्यमे वापरूच. पण जोडलेला वाचक टिकवायचा तर संपादकांनी फीड चालू ठेवावे, त्याचा दुवा ठळक द्यावा. वाचकांनीही काय वाचायचे याची यादी स्वतः करावी आणि तिची प्रत जपून ठेवावी.