पंचांग घेऊन समुद्रावर

अहमदपूरच्या माळावर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी गोदावरीच्या वाटेला लागतो आणि पूर्वेच्या उपसागराला मिळतो. आपण मात्र समुद्र पाहायला निघतो ते पश्चिमेला, कोकणात. सुटी लागली की गणपतीपुळे, गुहागर, वेळणेश्वर, तारकर्ली ही नावे घरोघर निघतात. जावे, अवश्य जावे. फक्त एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. आपले पोहणे विहिरीतले. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. समुद्राचे पाणी चालते.

ते कसे चालते, हे आपल्या घरच्या पंचांगावरून सांगता येते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. दोहोंत सुमारे सहा तासांचे अंतर. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे मंद भरती. वेळेचा हिशेबही सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पंचमीला भरती दुपारी पावणेचारच्या आसपास आणि तशीच पहाटे. ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. ज्यांना पाऊणकी पाठ आहे, त्यांना घड्याळाचीही गरज नाही! अर्थात हा ढोबळ अंदाज. नेमके काय ते तिथल्या कोळ्याला विचारावे, आणि तो 'नको' म्हणाला तर ऐकावे.

ओहोटीला खडकांतली डबकी उघडी पडतात. खेकडे, शंखातले जीव, दगडाला चिकटलेली कालवे तासभर न्याहाळता येतात. पण पाणी परतू लागले की आपणही परतावे. ते पुष्कळदा आपल्या पाठीमागच्या सखल जागेतून आधी येते.

पाण्यात उतरायचे तर गुडघाभरच. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतो आहे, तर तो सुरक्षित समजू नका. तिथूनच पाणी आत ओढते. त्या ओढीत कोणी सापडलाच, तर किनाऱ्याकडे झगडू नये, दमछाक होते. तरंगत राहावे, हात वर करून हाका माराव्यात, आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे. काठावरच्यांनी मागे उडी घेऊ नये. दोर, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे. पावसाळ्यात तर कोळीसुद्धा होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. मग आपण घाई कशाला करावी?

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले जातीची कासवे वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्था आणि गावकरी यांनी ती राखायला सुरुवात केली. आता उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले समुद्राकडे निघतात, तेव्हा लांबून लोक पाहायला येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात. पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात, म्हणून तिथे बत्ती लावू नये, वाळूवर गाडी घालू नये.

समुद्र काही आपल्या सुटीचे वेळापत्रक पाहून वागत नाही. त्याचे वेळापत्रक आपणच पाहून निघावे. तेवढे केले, तर गेलेली सगळी माणसे हसतमुखाने घरी परततील.