लिनक्स सर्व्हरची निगा



‘सर्व्हर’ हा शब्द आतां बँकेंत आणि रेल्वेच्या खिडकीवरहि ऐकूं येतो. पण बहुधा ‘सर्व्हर डाऊन आहे’ ह्या तक्रारीच्या रूपानेंच. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांच्या मागण्या पुरविण्यासाठीं अहोरात्र जागें राहणारें संगणकयंत्र. घरचा संगणक आपण रात्रीं बंद करतों. हें यंत्र महिनोन् महिने बंद होत नाहीं, आणि त्याचें दार साऱ्या जगाकडे उघडें असतें. अशा यंत्रांपैकीं पुष्कळांवर लिनक्स ही प्रणाली चालते. लिनस टोर्व्हाल्ड्स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा प्रसिद्ध केला. आज हजारों लोक ती घडवीत आहेत. ती फुकट मिळते, परंतु तिची निगा फुकट होत नाहीं.

निवृत्तीनंतर एका वाचनालयाचा लहानसा सर्व्हर माझ्या हातीं आला आहे. यंत्र वाचनालयाचें, पण त्यांतील नांवें, पत्ते आणि दूरध्वनीचे आंकडे वाचकांचे आहेत. त्यांनीं ते विश्वासानें दिले. तेव्हां “जें नीट चालतें आहे त्याला हात कशाला लावतां? चालत्या गाड्याला खीळ कां घालतां?” असें मला कोणी विचारलें, म्हणजे उत्तर देणें प्राप्त होतें.

प्रश्न मूर्खपणाचा नाहीं. शिवणयंत्र वापरानें झिजतें, म्हणून त्याला तेल लागतें. संगणकाचा कार्यक्रम झिजत नाहीं. काल होता तसाच तो आज असतो. बदलतें तें त्याच्याविषयींचें जगाचें ज्ञान. ओपन-एसएसएल ह्या गुप्तलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्यें मार्च २०१२ त प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीबरोबर एक चूक शिरली होती. दूरच्या यंत्रानें म्हणावें, “मी पाठविलेला शब्द मला परत म्हणून दाखव,” आणि शब्दाची लांबी मात्र खोटी सांगावी. सर्व्हर ती मोजून न पाहतां आपल्या स्मृतींतला पुढचा मजकूर, एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत, बिनदिक्कत देऊन टाकी. ७ एप्रिल २०१४ रोजीं ही चूक ‘हार्टब्लीड’ ह्या नांवानें जाहीर झाली आणि तिची दुरुस्तीहि त्याच दिवशीं निघाली. ६ एप्रिलचें यंत्र आणि ८ एप्रिलचें यंत्र ह्यांत तिळाचाहि फरक नव्हता. पण आतां छिद्र कोठें आहे हें सज्जन व चोर दोघांनाहि सारखेंच ठाऊक झालें होतें. दुरुस्तीची जाहिरात ही छिद्राचीहि जाहिरात असते. खरा धोका तेथून आपण ती बसवीपर्यंतच्या दिवसांत आहे.

इक्विफॅक्सचें प्रकरण ह्याहून बोधप्रद आहे. ही अमेरिकेंतील कंपनी लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी राखते. तिच्या एका संकेतस्थळाच्या मुळाशीं अपाची स्ट्रट्स नांवाचें सॉफ्टवेअर होतें. त्यांतील एका भयंकर छिद्राची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजीं प्रसिद्ध झाली. दोनच दिवसांनीं कंपनींत पत्रक फिरलें कीं, ही दुरुस्ती ४८ तासांत करा. ज्या यंत्रावर ती करावयास हवी होती त्यावर ती झालीच नाहीं. मेच्या मध्यास चोर आंत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत राहिले. सुमारें १४ कोटि ७० लक्ष माणसांची माहिती गेली. येणाऱ्याजाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारें एक उपकरण तेथें होतें. परंतु त्याच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हांच संपल्यामुळें तें आंधळें होऊन बसलें होतें. जुलैच्या शेवटीं प्रमाणपत्र नवें केलें, आणि संशयास्पद हालचाल तत्काळ दिसूं लागली! पत्रक निघणें आणि काम होणें ह्यांत अंतर किती असतें, हें शाळामास्तराला निराळें सांगावयास नको.

ह्यावरून कोणी म्हणेल कीं, जें जें नवें निघेल तें त्याच दिवशीं बसवावें. हें मला मान्य नाहीं. एक्सझेड नांवाचा, फायली दाबून लहान करणारा एक साधा कार्यक्रम आहे. त्याच्या सांभाळाच्या कामांत शिरून, दोनेक वर्षें विश्वास संपादन करून, एका इसमानें २०२४ च्या आरंभीं ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत चोरदार बसविलें. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास दूरस्थ प्रवेशाला सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवून त्यानें २९ मार्चला सारें कपट उघड केलें. डेबियनच्या चाचणीच्या शाखांत त्या आवृत्त्या पोहोंचल्या होत्या. स्थिर शाखेंत पोहोंचल्या नव्हत्या. सर्व्हरवर नवलाई नको, दुरुस्ती हवी. स्थिर शाखेंत नेमकें हेंच होतें: आवृत्ती जुनीच ठेवून तिच्यावर तेवढ्या छिद्रापुरतें ठिगळ लावतात. म्हणून आवृत्तीचा आंकडा जुना दिसला तरी घाबरूं नये.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. डेबियन किंवा उबंटूवर ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा नांवावरून सर्व कांहीं करील असें वाटतें. ती केवळ कोठाराची यादी ताजी करते. बसविण्याचें काम ‘ॲप्ट अपग्रेड’ ह्या आज्ञेचें. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसविणारी ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ ही सोयहि आहे, आणि लहान संस्थेनें ती अवश्य चालू ठेवावी. मात्र कोठाराबाहेरून आणलेलें, उदाहरणार्थ वर्डप्रेसला जोडलेलें एखादें पूरक, हिच्या कक्षेंत येत नाहीं. त्याची वही वेगळी ठेवावी लागते.

आणि बसविलें म्हणजे झालें, असेंहि नाहीं. चालू असलेला कार्यक्रम जुनीच प्रत स्मृतींत धरून बसलेला असतो. हार्टब्लीडच्या वेळीं दुरुस्ती बसवून ज्यांनीं वेब-सर्व्हर पुन्हां सुरू केला नाहीं, त्यांचें छिद्र उघडेंच राहिलें. काय पुन्हां सुरू करावयाचें तें ‘नीडरीस्टार्ट’ हा कार्यक्रम सांगतो. गाभाच बदलला असेल तर सारें यंत्र पुन्हां सुरू करावें लागतें. “आमचा सर्व्हर तीन वर्षांत एकदांहि बंद झाला नाहीं,” अशी प्रौढी मिरविणारे गृहस्थ भेटतात. चालत्या गाभ्याला ठिगळ लावण्याची विशेष व्यवस्था त्यांनीं केलेली नसेल, तर गाभा तीन वर्षांचा शिळा आहे, एवढाच त्याचा अर्थ! नव्या गाभ्यानें यंत्र उठलें नाहीं तर, ही भीति रास्त आहे. पण डेबियन मागचा गाभा ठेवून देतें आणि आरंभींच्या यादींतून तो निवडतां येतो. आमचें वाचनालय सोमवारीं बंद असतें. आदल्या रात्रीं माहितीची प्रत दुसरीकडे काढून ठेवावयाची आणि सोमवारीं सकाळीं यंत्र पुन्हां सुरू करावयाचें, असा माझा क्रम आहे.

शेवटीं मुदतीविषयीं. प्रत्येक आवृत्तीला आयुष्य असतें. सेंटओएस ७ चें ३० जून २०२४ रोजीं संपलें; उबंटू २०.०४ चें सर्वांसाठीं असलेलें पाठबळ मे २०२५ त थांबलें. मुदत संपल्यावर यंत्र थांबत नाहीं. तें पूर्वीप्रमाणेंच काम करतें, आणि नवें कांहीं बसवावयाचें आहे काय असें विचारलें तर ‘कांहीं नाहीं’ असें उत्तर देतें. तें उत्तर निरोगीपणाचें नसून वैद्यानें येणें बंद केल्याचें असतें. आमच्या यंत्रावर डेबियन १२ आहे. तिचें दीर्घ मुदतीचें पाठबळ जून २०२८ पर्यंत आहे, आणि ती तारीख मीं वाचनालयाच्या जमाखर्चाच्या वहींत, इमारतीच्या विम्याच्या तारखेखालीं लिहून ठेविली आहे.