ठाण्यावरची अरबी स्वारी

भिवंडीहून कशेळीचा पूल ओलांडला की ठाणं येतं. इ. स. 636च्या सुमारास या ठाण्यावर अरबांचं आरमार आलं होतं. प्रेषित मुहंमदांच्या निधनाला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. ही नोंद नवव्या शतकातल्या बलाझुरी या मुस्लिम इतिहासकाराची. बहरीन-ओमानचा सुभेदार उस्मान सकफी यानं फौज धाडली आणि ती परतल्यावर खलिफा उमर यांना कळवलं. उमर खूश होण्याऐवजी भडकले. माणसं दगावली असती तर तेवढीच तुझ्या टोळीतून वसूल केली असती, असा दम त्यांनी भरला.

हा प्रसंग इस्लामचे टीकाकार आणि समर्थक दोघांनाही अडचणीचा आहे. प्रत्येक स्वारी धर्माज्ञेनंच झाली म्हणावं, तर इथं खलिफाचीच संमती नव्हती. सगळ्या लढाया बचावाच्या म्हणाव्यात, तर ठाण्यानं मदिनेचं काय घोडं मारलं होतं?

उहुद आणि खंदकाच्या लढायांच्या वेळी मक्केवालेच मदिनेवर चालून आले, हे खरं. पण 627मध्ये शरण आलेल्या बनू कुरैझा या यहुदी टोळीतल्या पुरुषांची कत्तल झाली, हे मुस्लिम चरित्रकारच सांगतात. खलिफांच्या काळातल्या यर्मूक, कादिसियाच्या लढाया हा तर उघड राज्यविस्तार. लेखक शेषराव मोऱ्यांनी 'मुस्लिम मनाचा शोध' या पुस्तकात मुस्लिम पंडितांचेच ग्रंथ पुढ्यात घेऊन ही चिकित्सा केली, ते योग्यच झालं.

शिकवणुकीचं काय? कुराणाची दुसरी सूरा, म्हणजे अध्याय, सांगते, लढणाऱ्यांशी लढा, मर्यादा ओलांडू नका. नवव्या सूरेतली पाचवी आयत मूर्तिपूजकांना गाठून मारायला सांगते, पुढची लगेच आश्रय मागणाऱ्याला सुखरूप पोचवायला. अनेक जुन्या भाष्यकारांनी पाचव्या आयतीनं आधीची सबुरी रद्द ठरवली. माझा खरा आक्षेप या रद्द करण्यावर आहे. तो माणसांनी घेतलेला निर्णय आहे, माणसांना फिरवता येतो.

पण हे भिवंडीत बोलणार कोण? मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्याच वर्षी 7 मे रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. ज्याचं घर जळालं, त्याला खलिफांच्या चुका कोणत्या तोंडानं सांगायच्या? दंगल आधी चिकित्सक मुसलमानाचीच वाचा बंद करते. दलवाईंना कर्मठ मौलवी शत्रू मानत, आणि मुसलमानांना झोडपायला टपलेले काही हिंदू त्यांना आपल्यातलाच समजून टाळ्या देत. त्या हिंदूंनाही ते तितकंच खडसावत.